सान्तियागोची पायवाट, चिरिमिरी पाऊस आणि कोरडे मोजे

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात गॅलिसिया नावाचा हिरवागार, पावसाळी प्रांत आहे. तिथल्या सान्तियागो दे कोम्पोस्तेला गावात येशूचे शिष्य संत जेम्स यांची समाधी आहे, अशी श्रद्धा आहे. तिथवर पायी नेणाऱ्या सगळ्या वाटांना मिळून ‘कामिनो’ म्हणतात. या वाटांबद्दल ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न: आळंदी ते पंढरपूर वारी तीनदा केली आहे. वय ५६. रजा दोन आठवड्यांची, त्यात कामिनो होईल का? मला समुद्राकाठची वाट हवी आहे. (एक वाचक, नौपाडा)

पायांच्या बळावर नक्की होईल. पुणे ते सासवडचा दिवे घाटाचा टप्पा ज्यांनी चालून काढला, त्यांना इथला कुठलाही एक दिवस भारी नाही. फरक पडतो तो वेगळ्या ठिकाणी. वारीत तुमची वळकटी दिंडीच्या ट्रकमधून पुढे जाते, तंबू लागलेला असतो, पंगत बसते. कामिनोवर दिंडी नाही. सामान पाठीवर, अंथरूण स्वतः शोधायचं आणि जेवण त्या देशाच्या वेळेवर.

दोन आठवड्यांत सगळ्यात प्रसिद्ध फ्रेंच वाट पूर्ण होत नाही. फ्रान्समधल्या सीमेजवळच्या गावापासून ती सुमारे ७८० किलोमीटर भरते आणि महिना-सव्वा महिना घेते. उत्तर किनाऱ्याची वाट तर ८०० किलोमीटरच्या वर आहे. बरेच लोक मग सारिया गावापासून फ्रेंच वाटेचे शेवटचे ११५ किलोमीटर तेवढे चालतात. तिथे जुलै-ऑगस्टमध्ये दादरच्या पुलासारखी गर्दी, आणि समुद्र नावालाही नाही.

तुमच्यासाठी ‘इंग्लिश वाट’. इंग्लंड-आयर्लंडचे यात्रेकरू जहाजाने येऊन फेरोल किंवा आ कोरून्या बंदरात उतरायचे आणि तिथून चालायला लागायचे, म्हणून हे नाव. फेरोलपासून अंतर साधारण ११५ किलोमीटर. आ कोरून्यापासून ते पाऊणशेच्या आसपास भरतं, आणि यात्रा पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्राला किमान १०० किलोमीटर लागतात. म्हणून सुरुवात फेरोलहूनच करा.

पहिले तीन दिवस वाट जमिनीत आत घुसलेल्या समुद्राच्या खाड्यांच्या कडेने जाते. तिथे खाडीला ‘रिया’ म्हणतात. ओहोटीला उघडा पडणारा चिखल आणि त्यावरचे पाणपक्षी पाहून ठाण्याच्या माणसाला फार परकं वाटणार नाही.

सहा दिवसांत असं विभागा: फेरोल ते नेदा १५, नेदा ते पोन्तेदेउमे १५, तिथून बेतान्थोस २०, बेतान्थोस ते ब्रूमा २५, ब्रूमा ते सिग्वेइरो २५ आणि शेवटचा दिवस १६ किलोमीटर. आकडे एक-दोन किलोमीटर इकडे-तिकडे होतील. पाच दिवसांत करणारे पहिले दोन टप्पे एकत्र करतात. तो मोह टाळा. विमानप्रवासाने सुजलेल्या पायांनी पहिल्याच दिवशी ३० किलोमीटर डांबरावर चाललात, तर तिसऱ्या दिवशी फोड आणि चौथ्या दिवशी टॅक्सी.

चढ दोन ठिकाणी जाणवतो. पोन्तेदेउमेतून बाहेर पडताना गल्लीच थेट वर चढते. दुसरा ब्रूमाच्या आधीचा, आणि तो दिवसाच्या उत्तरार्धात येतो. बेतान्थोसनंतर दुकानंही विरळ होतात, म्हणून त्या दिवशी दीड लिटर पाणी आणि दुपारचं खाणं निघतानाच पिशवीत हवं.

प्रश्न: व्हिसासाठी रोजच्या मुक्कामाचं बुकिंग मागतात, आणि यात्रेकरूंच्या धर्मशाळांत तर आगाऊ बुकिंग होत नाही असं ऐकलं. मग करायचं काय? (घणसोली)

ऐकलंत ते अर्धं खरं. धर्मशाळांना तिथे ‘आल्बेर्गे’ म्हणतात. गॅलिसियाच्या प्रांतिक सरकारच्या आल्बेर्गेत आगाऊ जागा राखत नाहीत. दुपारी एकला दार उघडतं, जो आधी येईल त्याला पलंग, एका रात्रीचे १० युरो आणि एकच रात्र. खासगी आल्बेर्गे आणि छोटी लॉज मात्र सर्रास बुकिंग घेतात.

इंग्लिश वाटेवर मुक्काम जेमतेम सहा. ते सगळे खासगी ठिकाणी, रद्द करता येईल अशा दराने राखून ठेवा. त्यामुळे आणखी एक प्रश्न सुटतो. पाठीवरची पिशवी पुढच्या गावी पोचवणाऱ्या सेवा आहेत, स्पेनचं टपाल खातंही हे काम करतं. पण सरकारी आल्बेर्गे अशा पिशव्या ठेवून घेत नाहीत. लोक सकाळी पिशवी पाठवतात, संध्याकाळी भिजून पोचतात आणि कोरडे कपडे गावातल्या कुठल्या तरी बारमध्ये पडलेले असतात.

अर्जासोबत एका पानाचा तक्ता जोडा: तारीख, कुठून कुठे, किलोमीटर, मुक्कामाचं नाव. शेंगेन व्हिसाची फी मोठ्यांसाठी ९० युरो, प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. अर्ज निघण्याच्या सहा महिने आधीपासून देता येतो, पंधरा दिवसांच्या आत आलं तर उशीर झाला. खोटं बुकिंग लावून नंतर रद्द करण्याचा सल्ला एजंट देतील, तो घेऊ नका. सहा रात्रींसाठी एवढा धोका कशाला?

२०२७ साली जाणार असाल तर घाई करा. २५ जुलै हा संत जेम्सचा दिवस रविवारी येतो ते वर्ष पवित्र मानतात, आणि २०२७ तसं आहे. आपल्या अधिक मासासारखंच, गर्दी दुप्पट धरून चाला.

प्रश्न: पावसासाठी छत्री, पोंचो की जाकीट? आम्हा नवी मुंबईकरांना पावसाचं काय कौतुक! (ऐरोली)

कौतुक नसेल, पण तिथला पाऊस वेगळा आहे. सान्तियागोत वर्षाला १,८०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, ठाण्यापेक्षा कमीच. पण आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, त्यांचा वर्षभर रेंगाळतो. ऑक्टोबर ते जानेवारी जास्त, जुलैत सर्वात कमी. धुक्यासारखी भुरभुर तासन्‌तास चालते. गॅलिसियात तिला ‘ओर्बाल्यो’ म्हणतात आणि पलीकडच्या बास्क भाषेत चक्क ‘चिरिमिरी’! (मराठी अर्थाने घेऊ नये. अर्थात थोडी थोडी करत खिसा भिजवते, ते सारखंच.)

मुद्दा तापमानाचा आहे. आपल्याकडे भिजलं तरी अंग २६-२७ अंशांच्या हवेत असतं. तिथे मे महिन्यात पहाटे ९-१० अंश आणि दुपारी १८-२० असतात. भिजलेला सुती टी-शर्ट घालून वाऱ्यात वीस मिनिटं थांबलात की हुडहुडी भरते. म्हणून सुती कपडा एकही नको, अंतर्वस्त्रंसुद्धा नाहीत.

जाकीट हवंच, काखेत चेन असलेलं. चढ सुरू होण्यापूर्वी आतला एक थर काढा आणि ती चेन उघडा. नाहीतर बाहेरून कोरडे राहाल आणि आतून घामाने भिजाल, थंडी तेवढीच वाजेल. पोंचो सॅकसकट झाकतो, पण खाडीवरच्या वाऱ्यात शिडासारखा फुगतो. छत्रीला लोक हसतात, तरी निलगिरीच्या झाडीतल्या वारा नसलेल्या वाटांवर तिच्याइतकी सुखाची वस्तू नाही. घडीची हलकी असेल तर घ्या. सॅकवरच्या रेनकव्हरवर विसंबू नका, पाठीकडून पाणी आत झिरपतंच. कचऱ्याची जाड काळी पिशवी सॅकच्या आत अस्तरासारखी लावा आणि सगळं सामान तिच्यात भरा.

आता पाय, कारण वाट सोडावी लागते ती बहुतेक वेळा पायांमुळे. फोड येतो तो उष्णता, ओल आणि घासणं या तिघांच्या संगनमताने. त्यातली ओल आपल्या हातात आहे. मोजे लोकरीचे, मेरिनो जातीचे, कारण ते ओले झाले तरी ऊब धरतात. तीन जोड पुरतात: एक पायात, एक सॅकमध्ये कोरडा आणि तिसरा फक्त झोपताना. तिसरा चालायला वापरायचा नाही, काही झालं तरी.

सकाळी बोटांच्या बेचक्यांत आणि टाचेला व्हॅसलीन चोळा. टाल्कम पावडर नको, ओल लागली की तिची लुकदी होते आणि तीच घासते. दर दोन तासांनी बूट-मोजे काढून पाय दहा मिनिटं हवेत ठेवा. कुठे चुरचुरलं की तिथेच थांबून टेप लावा, ‘पुढच्या गावात बघू’ म्हणू नका. मुक्कामावर मोजे धुतल्यावर टॉवेलवर पसरा, टॉवेल गुंडाळून सुरळी करा आणि उभं राहून तिला पीळ द्या. अर्धं पाणी टॉवेलमध्ये उतरतं. सकाळपर्यंत वाळले नाहीत तर सेफ्टी पिनेने सॅकच्या पाठीला लटकवा.

बूट जाळीचे हलके घ्या, नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे. वॉटरप्रूफ बूट पहिले दोन तास कोरडे राहतात. एकदा वरून पाणी शिरलं की रात्रभरात वाळत नाहीत. जाळीचे बूट लगेच भिजतात आणि लवकर वाळतात. रात्री आतला तळवा काढून बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला. हीटरवर मात्र ठेवू नका, तळाचा डिंक सुटतो.

प्रश्न: सराव कुठे करावा? (खारघर)

पाम बीच रोडच्या कडेला मैलोन्‌मैल चाललात तरी तो सपाटीचा सराव. आठवड्यातून एक दिवस चढ हवा: तुम्हाला खारघरची टेकडी, बेलापूरकरांना पारसिक, ठाणेकरांना उपवनहून येऊर. पांडवकड्याच्या धबधब्याकडे पावसाळ्यात बंदी असते, तिकडे वळू नका. तेही नसेल तर सोसायटीचा जिना आहे. वीस मजले चढा आणि उतराही, कारण गुडघे उतरताना बोलतात.

तीन महिने आधी ८ किलोमीटरपासून सुरुवात करा, शेवटच्या महिन्यात लागोपाठ दोन दिवस २०-२० व्हायला हवेत. दुसऱ्या दिवशीचे वीस हीच खरी परीक्षा. सॅक भरून चाला, पण वजन तुमच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आत, म्हणजे बहुतेकांना ६-७ किलो. आपल्या जुलैत जाकीट-बुटांची चाचणी होऊन जाते. थंडीची होत नाही, हे तेवढं लक्षात असू द्या.

प्रश्न: आम्ही शाकाहारी, घरात अंडंही नाही. उपाशी राहू का? (पाचपाखाडी)

उपाशी नाही, पण कंटाळाल. अंडं चालत असतं तर बटाट्याचं जाड आम्लेट प्रत्येक बारमध्ये मिळतं. अंड्याशिवाय: पाद्रोनच्या छोट्या तळलेल्या मिरच्या (एखादीच तिखट निघते), टोमॅटो लावलेला पाव, तेतिया चीज, भाज्यांचं सॅलड. सॅलड ‘मिक्स्ता’ मागवलंत तर त्यात ट्यूना मासा आणि अंडं येतं. पालेभाजी-बटाट्याचं ‘काल्दो’ सूप दिसायला सात्त्विक, पण फोडणी डुकराच्या चरबीची. बदामाच्या सान्तियागो केकमध्ये मैदा नसतो, अंडी असतात.

नुसतं ‘सिन कार्ने’ म्हणजे मांसाशिवाय, एवढं पुरत नाही. हॅम आणि मासे ते मांसात धरत नाहीत. ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन आतून, सिन वेवो’ (मांस, हॅम, मासे, ट्यूना, अंडं, काही नको) असं अख्खं पाठ करा किंवा चिठ्ठीवर लिहून दाखवा.

सुपरमार्केटमध्ये शिजवलेले छोले आणि मसुराच्या काचेच्या बरण्या मिळतात. मसुराच्या बरणीवर चोरिझोचं, म्हणजे डुकराच्या सॉसेजचं चित्र नाही ना, ते बघून घ्या. सरकारी आल्बेर्गेत स्वयंपाकघर असतं, पण अनेकदा पातेलं-चमचाही नसतो. एक हलकं भांडं सोबत हवं. जेवण दीड ते साडेतीन, रात्रीचं साडेआठनंतर. मधल्या वेळेत स्वयंपाकघर बंद. रविवारी दुकानंही बहुतेक बंद, शनिवारीच घेऊन ठेवा.

घरून मेतकूट, सातूचं पीठ, गोडा मसाला, कोरडी चटणी न्या. तूप, पेढे, दुधाचा कुठलाही पदार्थ युरोपात नेता येत नाही, ताजा कढीपत्ता आणि हिरव्या मिरच्याही नाहीत. तुपातला बेसन लाडू घरीच संपवा.

प्रश्न: आम्ही ख्रिस्ती नाही. प्रमाणपत्र मिळेल? (वाशी)

मिळतं. हेतू धार्मिक किंवा आध्यात्मिक, एवढं नोंदवायचं. लॅटिन भाषेतलं हे प्रमाणपत्र फुकट असतं. किलोमीटर लिहिलेलं दुसरं हवं असेल तर तीन युरो. दोन्हींसाठी यात्रेकरूचा पासपोर्ट, म्हणजे वाटेत शिक्के घ्यायची पुस्तिका लागते. ती फेरोलमध्ये दोन-तीन युरोंना मिळेल, आणि तिच्यावर दिवसाला दोन शिक्के हवेत. चूक होते ती इथे: लोक मुक्कामाचा एकच शिक्का घेतात. दुसरा वाटेतल्या चर्चमध्ये किंवा बारमध्ये, कॉफी पितानाच घ्या. हा पासपोर्ट चेनच्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवा, शिक्क्यांची शाई पाण्याने फुटते. कॅथेड्रलमध्ये मोठी सॅक आत सोडत नाहीत, ती आधी लॉजवर टाकून या.

प्रश्न: ढेकूण? (कळवा)

असतात. सॅक पलंगावर ठेवू नका, गादीच्या शिवणी टॉर्चने बघा, काळे ठिपके दिसले तर पलंग बदलून मागा. शंका आली तर सगळे कपडे गरम ड्रायरमध्ये अर्धा तास.

प्रश्न: चालून झाल्यावर चार दिवस उरतात. किनारा बघायचा आहे, पाऊस असला तरी. (मानपाडा)

सान्तियागोहून बसने किनाऱ्यावरच्या फिस्तेराला जा. चालत गेलात तर सुमारे ९० किलोमीटर. दीपगृहापाशी शून्य किलोमीटरचा दगड आहे. तिथे कपडे-बूट जाळायची जुनी टूम आता बंद आहे, कुणी सांगितलं तरी काडी ओढू नका.

उरलेल्या दिवसांत पूर्वेला रिबादेओ. फेरोलहून किनाऱ्याने अरुंद रुळांची संथ गाडी जाते, खिडकीची जागा धरा. रिबादेओच्या पश्चिमेला साधारण दहा किलोमीटरवर प्राया दास कातेद्राइस, म्हणजे कॅथेड्रलच्या कमानींसारख्या कातळांचा किनारा. या कमानींखाली फक्त ओहोटीला चालता येतं. जुलै ते सप्टेंबर आणि ईस्टरच्या आठवड्यात आगाऊ परवाना लागतो, तो ऑनलाइन आणि फुकट आहे. परवान्यावर तारीख असते, ओहोटीची वेळ तुम्हीच तक्त्यात बघायची. पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी खाली उतरा आणि पाणी फिरलं की परत चढा. आत गुंतलेल्या घळी आधी भरतात, मागची वाट नंतर दिसत नाही. पाऊस असेल तर कातळावर शेवाळ असतं. तिथे फ्लोटर्स नकोत, जाळीचे तेच बूट घाला.