दाखल्यावर फक्त 'न्यूमोनिया'

प्रश्न : माझ्या वडिलांना अकरा वर्षं पार्किन्सन होता. शेवटी न्यूमोनियाने गेले आणि मृत्यूच्या दाखल्यावरही तेवढंच लिहिलंय. 'पार्किन्सनने कुणी मरत नाही,' असं आम्हाला नेहमी सांगितलं जायचं. मग या आजाराच्या मृत्यूंचे आकडे येतात कुठून? आता मामांनाही तोच आजार आहे आणि पुढच्या महिन्यात त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन आहे. धास्ती वाटते.

उत्तर : ते वाक्य नवा डॉक्टर असताना मीही ऐकवलंय, धीर द्यायला म्हणून. हल्ली ऐकवत नाही. या आजारात हातापायांसारखे घशाचे स्नायूही मंदावतात. घास, पाणी, लाळ चुकून श्वासनलिकेत उतरते आणि ठसका देऊन बाहेर काढण्याइतका जोर उरत नाही. वडिलांचा न्यूमोनिया बहुधा असाच झाला असणार.

दाखल्यावर खरं तर कारणांची साखळी लिहायची असते : वर न्यूमोनिया, त्याखाली तो ज्यातून उद्भवला तो आजार. देशाच्या आकडेवारीत मृत्यूचं मूळ कारण म्हणून धरला जातो तो हा खालचा आजार. तो लिहिलाच नाही, की माणूस न्यूमोनियाच्या खात्यात जमा. त्यामुळे दाखल्यांवरून केलेली मोजदाद कमीच भरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 2019 साली पार्किन्सनने जगात सुमारे 3,29,000 माणसं गेली. 2000 सालच्या दुपटीहून जास्त. माणसं जास्त जगू लागली, हेही त्यामागे आहेच.

रुग्णालयातल्या भरतीचंही तेच. पडून खुबा मोडला, लघवीला जंतुसंसर्ग झाला, अचानक भ्रम झाला म्हणून रुग्ण येतो. अस्थिरोग विभागात दाखल झाला की केस खुब्याची, पार्किन्सन कोपऱ्यात कुठेतरी लिहिलेला. आणि गोळ्या वॉर्डच्या वेळेने! माझ्या एका रुग्णाची रात्री आठची लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सनची मुख्य गोळी, अकराला दिली गेली. मधल्या तीन तासांत त्यांना कूसही बदलता येईना. घरचे म्हणाले, आजार एकदम वाढला. आजार वाढला नव्हता, गोळी चुकली होती. ही गोळी एकाएकी बंद केली, तर तीव्र ताप आणि ताठरपणा येऊन जिवावरही बेतू शकतं.

म्हणून मामांच्या गोळ्या मिनिटांसकट कागदावर लिहा आणि तो कागद फाइलवर सगळ्यात वर लावा. भूलतज्ज्ञांना आधीच भेटा. उपाशीपोटी असतानाही घोटभर पाण्यासोबत गोळी चालेल का, हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड आणि भ्रमासाठी हॅलोपेरिडॉल नको, हे ठळक लिहा. डोपामाइन म्हणजे या आजारात मेंदूत कमी पडणारं रसायन; लेव्होडोपा तेच भरून काढते आणि ही दोन्ही औषधं त्याचीच वाट अडवतात. उलटीवर सहसा डोम्पेरिडोन चालतं, पण हृदयाचा त्रास असेल तर तेही विचारूनच.

आणि ऑपरेशनच्या यादीत सकाळचा पहिला नंबर मागा. संकोच करू नका. दुपारपर्यंत ताटकळण्यात एकदोन गोळ्या सहज बुडतात.