किकुयू तुंब्यांशी ओळख करून घेताना

आपण केनियातील किकुयू समाजाच्या भोपळ्याच्या भांड्यांचा अभ्यास आरंभिला आहे, म्हणून माझा पहिला सल्ला असा की आकारावरून नव्हे, तर कामावरून भांडे ओळखावे. निमुळत्या गळ्याचा मोठा ‘किन्या’ हा आंबवलेल्या पेजेसाठी, म्हणजे ‘उचुरू’साठी, किंवा पेयांसाठी वापरीत, उभा चिरलेला अर्धा भोपळा म्हणजे ‘किउगा’, ज्यातून पेज पिता येते आणि धान्यही मापता येते. दोन्ही आपल्या परिचयाच्या कडू भोपळ्यापासूनच होतात. मिरजेचे कारागीर तंबोऱ्यासाठी तुंबा निवडतात, तेव्हा त्यांच्याही हाती याच जातीचे फळ असते.

फळ वेलीवरच पूर्ण पिकू द्यावे आणि मग वाळवावे. हलविल्यावर आत बिया खुळखुळू लागल्या की तोंड कापावे, पाणी भरून गर मऊ होऊ द्यावा, तो खरवडून काढावा आणि कडवटपणा जाईपर्यंत पाणी पुनःपुन्हा बदलावे. येथे घाई मुळीच करू नये. माझ्या पहिल्या तुंब्यातील पेज अर्धवट धुण्यामुळेच कडू झाली होती. तडा गेलेले भांडे टाकून देऊ नका, कारण जुन्या भांड्यांवरील दोऱ्याचे बारीक टाके मला नक्षीहूनही मोलाचे वाटतात. कोळशाने आतून माखलेला दुधाचा तुंबा दिसल्यास मात्र तो किकुयू समजू नये. ती पद्धत प्रामुख्याने शेजारच्या कालेनजिन लोकांच्या ‘मुर्सिक’ची, म्हणजे आंबवलेल्या दुधाची, आहे.