रविवारची संपादनं

"डॉक्टर व्हायचंय म्हणतो आणि रात्री एकपर्यंत विकिपीडियावर फुकटची हमाली करतो. मॅडम, वायफाय काढूनच टाकू का?" माझ्याकडे समुपदेशनाला परळहून आलेल्या एका आईचा हा प्रश्न. विषय बदलतो, कुणाची गिटार, कुणाचं क्रिकेट. बाकी प्रश्न हाच. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.)

तिचा मुलगा रोहन 'नीट' ही मेडिकल प्रवेशाची परीक्षा दुसऱ्यांदा देणार होता. आधी गप्पच. "लिहितोस तरी काय?" म्हटल्यावर मोबाइल पुढे केला. लेप्टोस्पायरोसिस. तुंबलेल्या पाण्यातून चालत आलेल्या आजीला शेजाऱ्यांनी घाबरवून सोडलं होतं. तिला वाचून दाखवायला मराठीत धड काही सापडेना, तिथून हे सुरू झालं. उंदराच्या मूत्रातून जंतू पाण्यात, पाण्यातून पायावरच्या जखमेत, असं अगदी आजीला कळेल असं लिहिलं होतं. त्याचा पहिला मजकूर कुणीतरी उलटवला, म्हणजे रद्द केला होता. संदर्भ एकाच छोट्या अभ्यासाचा होता म्हणून. "वैद्यकीय लेखाला पाठ्यपुस्तक नाहीतर अनेक अभ्यासांचा आढावा घेणारा लेख लागतो, मॅडम." मग धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर नव्यानं मांडून, चर्चा पानावर विचारून त्यानं तो परत घातला.

मला हे आवडलं, लपवत नाही. पण माझ्या आवडीनं त्याचा प्रश्न सुटणार नव्हता.

विकिपीडियावर प्रत्येक बदलाची तारीख-वेळ राहते. त्याची 'योगदान' यादी आणि क्लासच्या टेस्टचं वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवलं. एरवी दिवसाला दोन-तीन बदल. टेस्टच्या रविवारी संध्याकाळी मात्र तीस-चाळीस, आणि तेही बहुतेक नुसते ऱ्हस्व-दीर्घ. मार्क विचारले. बायोलॉजी 360 पैकी 312. फिजिक्स 180 पैकी 41.

तो बराच वेळ यादीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "वेलांटी दुरुस्त केली की ती दुरुस्त होते."

आईंना सांगितलं, वायफाय काढलंत तरी फिजिक्सचा पेपर तो उघडणार नाही. पंख्याकडे बघत पडेल. मग तिघांनी मिळून ठरवलं. रविवारी आधी मित्राबरोबर बसून चुकलेली पाच गणितं, पाचच, आणि त्यानंतर विकिपीडिया. साडेअकराला मोबाइल स्वयंपाकघरात. इथे त्यानं बरीच घासाघीस केली, पण झोपेच्या बाबतीत मी ऐकत नाही. परीक्षा जवळ आली की लेख कमी करायचे की थांबवायचे, हे त्याच्यावर सोडलं.

पहिल्या रविवारी गणितं झालीच नाहीत. दुसऱ्या रविवारी तीन झाली. महिन्याभरानं फिजिक्स 58 वर आलं. फार नाही, पण पेपर घरी आल्यावर उघडला जातोय.

परवा आईंचा फोन आला. "बसतो आता गणितांना. आजीला लेख वाचूनही दाखवला." जरा थांबून म्हणाल्या, "पण मॅडम, खरंच काहीच पैसे देत नाहीत का हो ते?"