जपानहून वापरलेलं व्हीएमसी मागवलं तर कर धरून ते कितीला पडेल?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरात जॉबवर्कचा शेड आहे, जपानचं वापरलेलं व्हीएमसी (व्हर्टिकल मशीनिंग सेंटर, धातू कापणारं संगणकी मशीन) बघून ठेवलंय आणि ड्युटी किती बसेल ते कुणी नीट सांगत नाही. माझं शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या कास्टिंगचं मशीनिंग चालतं. अशी दोन मशीन मी बाहेरून आणली आहेत.

आधी हिशेब. बोटीचं भाडं आणि विमा धरून किंमत २० लाख झाली असं समजा. त्यावर साडेसात टक्के कस्टम ड्युटी, म्हणजे १,५०,०००. त्या ड्युटीवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, १५,०००. मग सगळ्या बेरजेवर, म्हणजे २१,६५,००० वर, १८ टक्के आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी), ३,८९,७००. एकूण ५,५४,७०० भरल्याशिवाय मशीन न्हावा शेवा बंदरातून हलत नाही. नियमित जीएसटीत असाल तर आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, अंगावर पडतात ते १,६५,०००. पण ते क्रेडिट जॉबवर्कच्या बिलांतून वळतं व्हायला महिने जातात, तेवढं भांडवल हाताशी हवं. आणि कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांसाठीची सोपी जीएसटी योजना) असाल तर क्रेडिट विसरा. आयजीएसटीचं क्रेडिट घेतलंत तर आयकरात त्या रकमेवर घसारा धरता येत नाही, हे सीएंना आठवण करून द्या.

खरी गोम किमतीत आहे. विकणाऱ्याच्या बिलावरचा आकडा कस्टम तसाच मान्य करेल असं धरून चालू नका. वापरलेल्या मशीनला चार्टर्ड इंजिनिअरचा दाखला लागतो: कोणत्या सालचं, नवं असताना किंमत किती, दुरुस्ती केली का, आज मोल काय. बिल पटलं नाही तर नव्या किमतीतून घसारा वजा करून मोल काढतात. पहिल्या वर्षी तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी अडीच, पुढे २. आणि हा घसारा ७० टक्क्यांवर जात नाही. म्हणजे मशीन वीस वर्षांचं असलं तरी नव्या किमतीच्या ३० टक्के मोल धरलं जाऊ शकतं. स्वस्तात मिळालं म्हणून ड्युटीही स्वस्त, असं होत नाही.

माझं पहिलं मशीन यातच अडकलं. विकणाऱ्याने ते छान रंगवून पाठवलं होतं, नेमप्लेटसकट. इंजिनिअर साहेबांनी थिनरचा बोळा घेऊन प्लेट घासली, तर सिरीयल नंबर वाचता आला, सालाचे आकडे मात्र झिजलेले. त्या नंबरवरून बनवणाऱ्या कंपनीचं साल सांगणारं पत्र येईपर्यंत नऊ दिवस गेले आणि कंटेनरचं भाडं रोज चढत राहिलं. दुसऱ्या वेळी पैसे पाठवायच्या आधीच प्लेटचा जवळून काढलेला फोटो मागवला. तुम्हीही तेच करा.

कुणी ईपीसीजीत (निर्यात करणाऱ्यांना यंत्रावरची ड्युटी माफ करणारी योजना) ड्युटी वाचवून देतो म्हणालं तर नाही म्हणा, वापरलेलं मशीन त्या योजनेत बसतच नाही. मशीनबरोबर दुरुस्त केलेले सुटे भाग वेगळे मागवणार असाल तर त्यांचं किमान ८० टक्के आयुष्य शिल्लक आहे असा दाखला लागतो. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, नसेल तर आजच काढा. बिल ऑफ एंट्री (कस्टमला द्यायचा आयातीचा अर्ज) बोट लागायच्या आदल्या दिवसापर्यंत भरायचं असतं, उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० दंड. त्यामुळे सीएचए (कस्टमचं काम करणारा एजंट) आधी ठरवा, एचएस कोड (ज्यावरून ड्युटीचा दर ठरतो तो मालाचा क्रमांक) आणि त्या दिवसाचा दर त्यांच्याकडून लेखी घ्या आणि मगच विसार पाठवा.

किंमत कमी दाखवून बिल करून देतो, असं विकणारा स्वतःहून म्हणेल. मला दोघांनी म्हटलं होतं. ऐकू नका. पकडलं तर बुडवलेल्या ड्युटीएवढाच दंड वर बसू शकतो, मशीन जप्तही होतं.

न्हावा शेवाहून शिरोलीपर्यंतचा ट्रेलर, इथली क्रेन आणि फाउंडेशन यांवर कस्टम ड्युटी नाही, पण त्याचे पैसे या हिशेबाबाहेर वेगळे काढून ठेवा.