टीममधल्या माणसाला कामाचा ताण आलाय हे कसं ओळखायचं आणि मग करायचं काय?

तुम्ही लिहिलंय की नवीनच सुपरवायझर झालायत, टीममधला एक चांगला मुलगा हल्ली बदललाय आणि त्याच्याशी बोलावं की सरळ एचआरला सांगावं ते कळत नाही. मी गोव्यात वेर्ण्याला एका औषध कंपनीत पॅकिंगला शिफ्ट इनचार्ज आहे, त्याआधी कांदोळीला हॉटेलात होतो, तर दोन्हीकडचं बघितलेलं सांगतो.

नेटवरची लक्षणांची यादी घेऊन माणसं तपासायला जाऊ नका. गप्प बसणं हे लक्षण धरलं तर आमची अर्धी शिफ्ट जन्मापासून आजारी म्हणायला हवी. बघायचा तो फरक, म्हणजे हा माणूस आधी कसा होता आणि आता कसा आहे. वेळेआधी येणारा आता शेवटच्या मिनिटाला पंच करतो, सगळ्यांबरोबर जेवणारा डबा घेऊन एकटाच बसतो, बॅच रेकॉर्डमध्ये ज्याची सही कधी राहिली नाही त्याच्या सह्या राहायला लागतात, साध्या बोलण्यावर भडकतो. काही जणांचं उलटं असतं, ताण आला की जास्तच राबतात, सुट्टी घेत नाहीत, मिळेल तो ओटी (ओव्हरटाइम) करतात, आणि सायबाला असलीच माणसं आवडतात म्हणून त्यांच्याकडे कोणी बघतच नाही.

डब्ल्यूएचओने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने पिचून जाण्याची, तीन लक्षणं दिली: अंगातली शक्तीच संपल्यासारखा थकवा, कामाबद्दल तुटकपणा नाहीतर कडवटपणा, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असं वाटणं. यातलं मधलं आमच्याकडे 'ॲटिट्यूड' म्हणून मेमोत जातं!

बोलायचं तर केबिनमध्ये बोलावू नका, केबिन म्हटलं की त्याला मेमोच दिसणार. चहाच्या वेळी बाजूला घ्या. 'टेन्शन आहे का?' विचारलंत तर 'ना सर, सगळं बरं' एवढंच मिळेल, त्यापेक्षा जे दिसलं ते सांगा, 'या महिन्यात बऱ्याचदा उशीर झाला, तुझं असं कधी नसतं, काय चाललंय?' आणि मग तुम्ही गप्प बसा, 'आमच्या वेळी' वगैरे सुरू करू नका.

पण नुसतं ऐकून भागत नाही, काम बदलावं लागतं. खूप काम आणि त्यावर स्वतःचा काहीच ताबा नाही, हे दोन्ही एकत्र आलं की माणूस जास्त पिचतो, हे कारासेक नावाच्या संशोधकाने १९७९ मध्येच मांडलंय. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हॉटेलातलं काम तुम्ही कमी करू शकत नाही, पण ऑफ कोणाला कधी ते आधी सांगू शकता, गेस्ट उगाच ओरडला तर आपल्या माणसाच्या बाजूने उभे राहू शकता. आमच्याकडे वाळपईहून येणाऱ्या एकाची नाईट संपली की लगेच दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट लागायची, ते बंद केलं आणि रोस्टर आधी द्यायला लागलो, तेवढ्यावर तो पुष्कळ सावरला. गणेश चवथीची सुट्टी आयत्या वेळी कापणं हा तर गुन्हाच समजा. आणि ड्युटी संपल्यावर लोकांना थांबवून योगा सेशन घेतात त्याबद्दल मी न बोललेलं बरं.

झोप-जेवण उडालंय, दारू वाढलीय असं दिसलं तर ते आपल्या हातातलं राहत नाही. बांबोळीला आयपीएचबी हे मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल आहे, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास फुकट चालतो. 'मी नसलेलाच बरा' असलं काही बोलला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी घरच्यांना कळवा आणि बांबोळीला न्या, तिथे गुपित वगैरे बघायचं नाही.

बाकी वेळी एचआरला त्याला विचारूनच सांगा, तेही 'याची शिफ्ट बदलायची आहे' एवढंच, घरचं काही नको. आठेक दिवसांनी स्वतःहून परत विचारा. आणि ताण तुमच्या वरच्या सायबामुळेच आहे असं निघालं तर टीमचे ओटीचे तास आणि कापलेल्या सुट्ट्या तारखेसकट लिहून ठेवा, कारण वरच्या मीटिंगमध्ये 'पोरं थकलीत' म्हटलं तर कोणी ऐकत नाही, आकडे बघतात.