आरोग्य प्रश्नोत्तरे : गहू सोडण्याआधी रक्त तपासा

प्रश्न : मी परळी तालुक्यातली, वय ३४. दोन वर्षांपासून पोट फुगतं, वरचेवर पातळ संडासला होते. लोहाच्या गोळ्या चालू असूनही हिमोग्लोबिन ८ च्या पुढे सरकत नाही. पोळी बंद करून ज्वारीच्या भाकरीवर राहिले की बरं वाटतं. घरचे म्हणतात, सोयाबीनची काढणी होऊ दे, मग दाखवू; तोवर भाकरीच खा. चालेल का?

उत्तर : काढणीपर्यंत थांबू नका ताई, आणि तपासणी होईपर्यंत पोळी बंदही करू नका. दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या आहेत.

तुमची लक्षणं सिलिअ‍ॅक आजाराची असू शकतात. गहू आणि जवात ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. या आजारात त्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या अस्तरावरचे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. लोह शोषलं जातं ते लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, आणि घाव बसतो तोही मुख्यतः तिथंच. म्हणून महिनोन्‌महिने गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन जागचं हलत नाही. बाईमाणसाचं रक्त कमीच असायचं, असं म्हणून आपल्याकडे हे लक्षण फार सहज सोडून दिलं जातं. तसं सोडू नका.

मराठवाड्यात आणखी एक अडचण आहे. घरात भाकरी नेहमीची, पोळी कमी-जास्त. त्यामुळे त्रास कधी दबतो, कधी उसळतो, आणि वर्षं निघून जातात. आठवड्यातून दोनदाच पोळी खाल्ली तरी आतड्याची झीज चालू राहू शकते. पुढे हाडं ठिसूळ होणं, गर्भ न राहणं किंवा वारंवार पडणं इथपर्यंत गोष्ट जाते.

पहिली तपासणी रक्ताची : टीटीजी-आयजीए. तिच्यासोबत एकूण आयजीए (रक्तातल्या एका प्रकारच्या अँटीबॉडींचं, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या प्रथिनांचं, प्रमाण) सांगून करून घ्या. काहींच्या रक्तात आयजीए मुळातच कमी असतं. मग आजार असूनही टीटीजीचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो. ही तपासणी गव्हामुळे तयार झालेल्या अँटीबॉडी मोजते. गहू थांबला की त्या उतरत जातात, आतड्याचं अस्तरही भरून येऊ लागतं, आणि रिपोर्ट फसवा येतो. पोळी आधीच बंद केली असेल तर डॉक्टरांना तारखेसकट सांगा. ते साधारणपणे रोज दोन पोळ्या पुन्हा सुरू करून सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करायला सांगतात. मध्यम पोळीत अडीच-तीन ग्रॅम ग्लूटेन असतं, तेवढं पुरतं. ते सोसवत नसेल तर डॉक्टर मुदत कमी करतात किंवा एचएलए डीक्यू-२ आणि डीक्यू-८ ही जनुकीय तपासणी आधी करतात. तिच्यावर खाण्याचा परिणाम होत नाही. दोन्ही जनुकं नसतील तर सिलिअ‍ॅक जवळजवळ नाहीच. असली तर मात्र आजार सिद्ध होत नाही, कारण ती निरोगी माणसांतही भरपूर आढळतात.

भाकरीने बरं वाटतं हा पुरावा नव्हे. गव्हातल्या काही साखरांनीही पोट फुगतं. जंत, जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी), आतड्याचा टीबी यांतही जुलाब, अशक्तपणा आणि रक्त कमी होणं दिसतं. भाकरी खाऊन चार दिवस बरे गेले म्हणून टीबी जात नाही.

फिजिशियन किंवा पोटविकारतज्ज्ञाकडे जा. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे. जाताना एका कागदावर लिहून न्या : सात दिवसांत काय खाल्लं, रोज किती वेळा संडासला झालं, वर्षभरापूर्वीचं वजन आणि आजचं, लोहाच्या गोळ्या किती महिने घेतल्या, घरात कोणाला थायरॉइड किंवा लहानपणापासून इन्शुलिनवरचा मधुमेह आहे का. रक्ताचे जुने रिपोर्टही सोबत ठेवा. संडासातून रक्त, रोजचा ताप, पायावर सूज किंवा झपाट्याने उतरणारं वजन यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : हिंगोलीहून एक वडील विचारतात : सहा वर्षांच्या मुलाचं टीटीजी पॉझिटिव्ह आलं. डॉक्टर दुर्बीण टाकायची म्हणतात. एवढ्या लेकराला कशाला? गहू बंद केला तर नाही का भागणार?

उत्तर : दादा, गहू बंद करायचा तो जन्मभरासाठी. निदान पक्कं नसेल तर दहा वर्षांनी हाच मुलगा विचारेल, मला खरंच हा आजार आहे का? तेव्हा त्याला पुन्हा गहू खाऊ घालून तपासावं लागेल.

दुर्बीण तोंडातून जाते. काही तास उपाशी ठेवतात, लहान मुलांना गुंगी किंवा भूल देतात, प्रत्यक्ष काम काही मिनिटांचं असतं. आतड्याचे किमान चार बारीक तुकडे आणि अगदी सुरुवातीच्या भागातून एखाद-दुसरा तुकडा घेतात. इजा सगळीकडे सारखी नसते, म्हणून एकच तुकडा घेऊन भागत नाही. तुकडे घेताना दुखत नाही.

मात्र रिपोर्टमधला आकडा पाहा. टीटीजी-आयजीए लॅबच्या वरच्या मर्यादेच्या दहापट किंवा जास्त असेल आणि दुसऱ्यांदा घेतलेल्या रक्तात ईएमए ही याच आजाराच्या दुसऱ्या अँटीबॉडीची तपासणीही पॉझिटिव्ह आली, तर मुलांमध्ये दुर्बिणीशिवाय निदान करता येतं. हे बालपोटविकारतज्ज्ञ ठरवतील. तोवर पोळी चालू ठेवा.

प्रश्न : लातूरच्या एका वाचक भगिनीचं निदान होऊन वर्ष झालं. घरात फक्त ज्वारी-बाजरीची भाकरी, तरी टीटीजी म्हणावं तसं उतरत नाही. का?

उत्तर : आधी गिरणी बघा. तुमच्या आधी गव्हाचं दळण झालेलं असतं. दगडांत, पीठ पडतं त्या नळीत गव्हाचं पीठ राहतं आणि तुमच्या ज्वारीत उतरतं. ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायला आपल्या देशात किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे; उरलेल्या चिमूटभर पिठात ती सहज ओलांडली जाते. दोन-तीन किलो ज्वारी आधी दळून ते पीठ इतरांना दिलं तर भेसळ कमी होते, जात नाही. खात्रीचा उपाय म्हणजे फक्त स्वतःची धान्यं दळणारी घरघंटी किंवा जुनं जातं नीट धुऊन वापरणं. ज्वारी आणल्यावर निवडा, तिच्यात गव्हाचे दाणे निघतात.

मग परात आणि पीठ चाळायची चाळणी वेगळी करा. चाळणीच्या जाळीत अडकलेलं पीठ धुऊनही निघत नाही. हिंगाच्या डबीवरचे घटक वाचा, बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. धपाटे, थालिपिठाची भाजणी, सातूचं पीठ, शेवया, रवा, लापशी यांत गहू किंवा जव असतात. कुरडई गव्हाच्या चिकाची, तीही बंद. आणि खपली गहू चालतो असं कोणी कितीही सांगितलं तरी तो गहूच आहे, त्यात ग्लूटेन असतंच. ज्वारी, बाजरी, तांदूळ, नाचणी, भगर, राजगिरा, साबुदाणा, डाळी बिनधास्त खा. पीठ मात्र वरच्या पद्धतीनेच दळलेलं हवं.

हे सगळं सांभाळून सहा महिन्यांनी टीटीजी पुन्हा करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये, कारण प्रत्येक लॅबची मोजपट्टी वेगळी असते.

प्रश्न : याच भगिनी विचारतात, मुलांना काहीच त्रास नाही, तरी तपासू का?

उत्तर : हो. आईवडील, सख्खी भावंडं आणि मुलं यांच्यात साधारण दहातल्या एकाला हा आजार निघतो, पुष्कळदा कसलाही त्रास नसताना. त्यांचा गहू चालू असतानाच टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए करून घ्या. मुलाची उंची वर्गातल्या पोरांच्या मागे पडत असेल किंवा मुलीची पाळी लांबत असेल तर आधी त्यांचं रक्त द्या.