गोठ्यातले तास आणि अभ्यास

प्रश्न : मी पशुविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहाटे गोठ्यात काम, दर आठवड्याला पशुपालकांच्या भेटी. वाचायला वेळच उरत नाही. एवढं प्रात्यक्षिक खरंच हवं का?

उत्तर : हवंच. गाईच्या पोटाचे चार कप्पे मीही पाठ केले होते. पण डाव्या भकाळीवर (बरगड्यांमागच्या खोलगट भागावर) मूठ दाबून धरली आणि मिनिटभरात एक-दोनदा कोटीपोटाने, म्हणजे त्यातल्या सर्वांत मोठ्या कप्प्याने, ती उचलली, तेव्हा मला पचन कळलं.

भेटींनी तर मला बोलायला शिकवलं. एक आजी गाय व्याल्यावर वार (गर्भाचं वेष्टन) पडेपर्यंत वासराला चीक पाजत नसत. मी वर्गातलं व्याख्यान दिलं; त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या वेतालाही तेच केलं. मग शेजारी बसून विचारलं, तेव्हा त्यांची भीती कळली : आधी दूध काढलं तर वार अडकेल. उलट चोखण्याने गर्भाशय आकुंचन पावतं, आणि वासराच्या आतड्यांची चिकातली प्रतिपिंडं (रोगांशी लढणारी प्रथिनं) शोषण्याची ताकद 24 तासांत जवळपास संपते, हे सांगितल्यावर त्यांनी स्वतःहून विचारलं, "मग पहिल्या तासातच पाजू?"

खिशात छोटी वही ठेवा. तापमान, श्वास, रवंथ तिथेच टिपा आणि रात्री त्याच जनावराचं प्रकरण वाचा. माझा निम्मा अभ्यास असाच झाला.